उजव्या बाजूचाच चेहरा जास्त वयस्कर का दिसतोय? नेमक्या कुठल्या सवयी बदलायच्या?

चाकणला_रोज
वय ४१. चाकण एमआयडीसीत क्वालिटीला आहे, भोसरीहून स्वतः गाडी चालवत जाते. सकाळी सातच्या सुमारास निघते आणि परत यायला साडेपाच-सहा, ट्रॅफिक असेल (म्हणजे रोजच) तर अजून उशीर. भाचीच्या साखरपुड्याचे फोटो आले त्यात लक्षात आलं की उजव्या डोळ्याच्या कडेला बारीक रेघा डावीपेक्षा स्पष्ट जास्त आहेत आणि उजव्या गालावर वांगासारखा तपकिरी पट्टा आलाय, डावीकडे अगदी पुसट. आता गंमत अशी की मी उन्हात जातच नाही हो. घर, गाडी, एसी ऑफिस, परत गाडी. पार्लरवाली म्हणते दर महिन्याला फेशियल कर, बहीण म्हणते व्हिटॅमिन सी सीरम, ऑफिसातली एक कोलॅजन पावडर घेते दुधातून आणि आईचं एकच, पाणी पी. मला महागडं काही सुचवू नका, रोजच्या वागण्यात काय बदललं तर खरंच फरक पडतो एवढंच सांगा. सगळं एकदम करणारी बाई मी नाही.

नाशिकरोडचा_पिंट्या
ताई तुम्ही भोसरीहून चाकणला जाता म्हणजे उत्तरेला. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला. संध्याकाळी परत येताना दक्षिणेकडे तोंड, सूर्य पश्चिमेला, म्हणजे परत उजव्याच हाताला! आणि आपल्याकडे ड्रायव्हरची खिडकी उजवीकडे. दोन्ही वेळेला एकच गाल भाजतोय आणि तुम्ही म्हणताय उन्हात जात नाही 😄

गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर, त्यातून यूव्ही (उन्हातले न दिसणारे अतिनील किरण) जवळजवळ येत नाही. बाजूच्या काचा साध्या टफन्ड. त्या यूव्हीबी अडवतात, म्हणजे ज्याने कातडी लाल होते, जळजळते ते. पण यूव्हीए बऱ्यापैकी आत सोडतात, गाडीगाडीत फरक असतो. यूव्हीए खोलवर जातं आणि कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतं. जळजळ नाही, चटका नाही, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. आणि कोवळं ऊन म्हणून सोडून देऊ नका, सकाळ-संध्याकाळ यूव्हीबी जेवढं कमी होतं तेवढं यूव्हीए कमी होत नाही.

अमेरिकेतल्या एका ट्रक ड्रायव्हरचा फोटो २०१२ मध्ये तिथल्या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आला होता, ६९ वर्षांचा माणूस, २८ वर्षं ट्रक चालवलेला. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, तर त्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी, एकाच माणसाचे दोन चेहरे चिकटवल्यासारखे. शोधून बघा, विसरणार नाही.

काळी फिल्म लावायचा विचार असेल तर २०१२ मध्येच सुप्रीम कोर्टाने ती बंद केली, नंतर नियमात बदल झालेत त्यामुळे आधी आत्ताचा नियम बघा मगच खर्च करा. आणि काळी म्हणजे यूव्ही अडवणारी असं नसतं, रंग वेगळा आणि यूव्हीचं कोटिंग वेगळं.

ब्रिस्बेनकर
पिंट्याशेठ बरोबर. आमच्याकडे क्वीन्सलँडमध्ये ऊन म्हणजे काय ते विचारू नका, इथे शाळेत टोपी नसेल तर पोराला मैदानावर खेळू देत नाहीत. ताईंनी नेमकं काय केल्याने फरक पडतो विचारलंय तर त्याचं एक चांगलं उत्तर इथूनच निघालंय. इथून तासाभरावर नॅम्बोर नावाचं गाव आहे, तिथे ९०० च्या वर लोक घेऊन प्रयोग केला होता, सगळे ५५ च्या आतले. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना तुमच्या मर्जीने लावा म्हणाले. साडेचार वर्षांनी हाताच्या मागच्या कातडीचे साचे घेऊन तपासलं तर रोज लावणाऱ्यांत त्वचेचं म्हातारपण २४ टक्के कमी. २०१३ मध्ये छापून आलं. त्याच प्रयोगात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या पण दिल्या होत्या, त्यांचा काही उपयोग दिसला नाही. कोलॅजन पावडरवाल्या मैत्रिणीला सांगू नका, उगाच वाईट वाटेल.

फक्त एक, ते लोक बहुतेक गोरे. आपल्या सावळ्या कातडीला सुरकुत्या उशिरा येतात, आपलं वय आधी डागांत दिसतं, वांग, असमान रंग. म्हणून आपल्याकडे बायका "काळी पडले" म्हणून रंग उजळायच्या मागे लागतात आणि मूळ कारण राहतं बाजूला.

लावायचं किती यावर सगळी गोची आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तेवढं. आपण वाटाण्याएवढं लावतो आणि मग म्हणतो एसपीएफ ५० चा काही फायदा नाही. ३० यूव्हीबीचं ९७ टक्के अडवतं, ५० अडवतं ९८, त्यामुळे आकड्याच्या मागे न लागता भरपूर लावा आणि डबीवर पीए+++ किंवा ++++ आहे का ते बघा, ते यूव्हीएसाठी.

सरळ_बोलतो_८
सगळा मार्केटिंगचा खेळ आहे. आमच्या आजीने जन्मात काही लावलं नाही, तोंड धुवायला डाळीचं पीठ, अंगाला खोबरेल तेल, ८० पर्यंत शेतात होती. कातडी कशी तुकतुकीत. आताच्या पोरी वीस वर्षांच्या असतानाच दहा बाटल्या घेऊन बसतात.

वांगीभात
@सरळ_बोलतो_८ दादा वीस वर्षांच्या पोरींबद्दल तुमचं पटलं, दहा बाटल्यांची गरज कुणालाच नाही. पण आजीचं म्हणाल तर आजीच्या डोक्यावरून पदर कपाळापर्यंत असायचा की नाही? तोच तिचा सनस्क्रीन. आमच्या आजीचा (कोरेगाव तालुका, ऊस आणि आलं) हात एकदा नीट बघितलाय मी. मनगटापासून वर ब्लाऊजच्या बाहीपर्यंत कातडी चिरलेली, जाड, तपकिरी ठिपके, आणि बाही वर सरकवली की तिथे एकदम रेघ, त्याच्या वर दंडाच्या आतल्या बाजूला कातडी मऊ, एका रंगाची, लहान मुलीसारखी. वय दोन्हीकडचं सारखंच ना. जो फरक दिसतो तो ऊन. कुणीही आत्ता स्वतःचा दंड आतून आणि पंजाची मागची बाजू शेजारी ठेवून बघा, फोन खाली ठेवून.

खोबरेल तेलाने कोरडेपणा जातो, ऊन अडत नाही.

सांगली_मेडिकल_काउंटर
मी औषधाच्या दुकानात काउंटरला असतो, वरती वांग आणि रंग उजळायचा विषय निघाला म्हणून लिहितोय, कारण ऊन राहिलं बाजूला, लोक स्वतःच्या हाताने कातडी खराब करून घेतात ती इथे रोज दिसते.

"वांगावरची ती ट्यूब द्या, शेजारणीने लावली आठ दिवसांत उजळली." त्या ट्यूबमध्ये तीन गोष्टी असतात, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. डॉक्टर काही आठवड्यांपुरती देतात, त्यात चूक काही नाही. लोक ती वर्षानुवर्षं स्नो पावडरसारखी लावतात. आधी चेहरा खरंच उजळतो, मग कातडी कागदासारखी पातळ होते, गालावर लाल बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, हनुवटीवर केस, मुरुमं, आणि बंद केली की दोन दिवसांत आग आग. मग परत तीच ट्यूब. २०१८ पासून अशी स्टेरॉइडची क्रीमं शेड्यूल एच मध्ये घातली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आम्ही नाही म्हटलं की बाई रागावून पुढच्या दुकानात जाते आणि तिथे मिळते, हे पण खरं आहे.

कुणी लावत असेल तर आज रात्री एकदम फेकून देऊ नका, स्किनच्या डॉक्टरला दाखवून हळूहळू सोडवून घ्या. आणि कृपा करून लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, फोड येऊन काळे डाग पडतात ते महिनोन् महिने जात नाहीत.

चाकणला_रोज
पिंट्यादादा, उत्तर-दक्षिणेचं वाचून मी नवऱ्याला नकाशा उघडून दाखवला, तो म्हणाला मग डाव्या गालासाठी आता सोलापूरला नोकरी बघ 🙄

ट्यूब मी लावत नाही. पण मग बाकीचं? पाणी, झोप, साखर, मोबाईलचा ब्लू लाइट, गॅससमोर उभं राहणं, यातलं खरं किती? आणि रात्री काही लावायचं का?

ओपीडी_नंबर_९
त्वचाविभागात काम करते (डॉक्टर नाही, सिस्टर आहे), रोज कानावर पडतं त्यावरून सांगते.

आधी एक महत्त्वाचं. वांग सहसा दोन्ही गालांवर येतो. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉईड असं पण कारण असू शकतं. तुमचा एका बाजूलाच जास्त आहे त्यामुळे एकदा डॉक्टरला दाखवाच, गाडीवर ढकलून मोकळ्या होऊ नका.

ऊन पहिलं, तंबाखू दुसरी. सिगारेट ओढणाऱ्याच्या ओठाभोवतीच्या उभ्या रेघा दारातून आत आल्या आल्या कळतात. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळतात आणि धुराने कोलॅजन तुटतं. मिश्रीने तोंडात काय होतं ते आमच्या शेजारच्या ओपीडीत जाऊन बघा. या दोघांच्या खाली बाकी सगळं बरंच मागे. पाणी तहानेप्रमाणे प्या, सुरकुत्या त्याने जात नाहीत. साखर सतत जास्त राहिली तर कोलॅजनला चिकटून ते कडक करते, डायबेटिसवाल्यांत हे दिसतं, पण सणाच्या पुरणपोळीने काही होत नाही. झोप कमी झाली की चेहरा उतरतो हे खरंच आहे, आणि कायम एकाच कुशीवर झोपलं की त्या गालावर घड्या पडतात, हळूहळू पक्क्या होतात. तुम्ही उजव्या कुशीवर झोपता का?

मोबाईलचा उजेड उन्हापुढे काहीच नाही. पण उन्हातला जो दिसणारा उजेड असतो ना तो सावळ्या कातडीला काळी करतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. म्हणून वांग असेल तर टिंटेड घ्या, आयर्न ऑक्साइड लिहिलेलं. चेहऱ्याच्या रंगाचं असतं त्यामुळे भुतासारखं पांढरं पण दिसत नाही.

आणि घासणं बंद करा! स्क्रब, लूफा, टॉवेलने खसाखसा पुसणं. आपल्याकडे मळ निघाला पाहिजे म्हणून घासघास घासतात आणि आपली कातडी अशी की जिथे घासलं तिथे काळी. मानेवरचा काळेपणा तर घासून अजून वाढतो.

रात्रीसाठी ट्रेटिनॉइन हे जुनं, भरपूर अभ्यासलेलं औषध आहे, पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीने, वाटाण्याएवढं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. कातडी सोलते, घाबरून लोक सोडतात. दिवस राहिलेले असतील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नाही. तेवढं नको असेल तर साधं मॉइश्चरायझर, मेडिकलमधलं स्वस्तातलं चालेल.

चाकणला_रोज
उजव्याच कुशीवर झोपते 😐 लेक डावीकडे असते.

बरं, अपॉइंटमेंट घेते. सनस्क्रीन गाडीत ठेवू का म्हणजे विसरणार नाही?

नाशिकरोडचा_पिंट्या
गाडीत नको, एप्रिलमध्ये पार्किंगला उभी गाडी आत इतकी तापते की क्रीम फाटतं. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक आणि घरी एक ठेवा. निघताना पंधरा मिनिटं आधी, आणि संध्याकाळी पार्किंगला जायच्या आधी परत, कारण सकाळचं तोपर्यंत पुसलं गेलेलं असतं. उजव्या हातावर पण लावा, खिडकीला कोपर टेकवून चालवता ना?

वांगीभात
माझ्या डोळ्यात घामाबरोबर जातं आणि भयंकर चुरचुरतं, त्यावर काय करता कुणी?

ओपीडी_नंबर_९
डोळ्याच्या आसपास झिंक ऑक्साइडवालं वापरा, ते कमी चुरचुरतं, स्टिक मिळाली तर अजून बरं. वरून मोठ्या काचेचा गॉगल, यूव्ही ४०० लिहिलेला.

फर्स्ट_शिफ्ट_सेकंड_शिफ्ट
आणि थर्ड शिफ्ट असेल तर? मी पण चाकणलाच, रात्री अकराला जातो, तेव्हा कशाला लावू?

नाशिकरोडचा_पिंट्या
जाताना नको. सकाळी सातला सुटून घरी येता तेव्हा ऊन निघालेलं असतं, सुटायच्या आधी लावा. बाईकवर असाल तर हेल्मेटची काच खाली ठेवा, पॉलीकार्बोनेटची असते, बरंच यूव्ही अडवते. वर करून चालवायची सवय सगळ्यांनाच आहे.