प्रति: छोटा डेस्कटॉप घ्यावा का?
टेबलावर टॉवरला (मोठ्या उभ्या कॅबिनेटला) जागा नाही म्हणून छोटा डेस्कटॉप घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. टॅली, इंटरनेट, मुलांचा अभ्यास एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. माझा वापरलेला थिंकसेंटर टायनी (लेनोवोचा छोटा डेस्कटॉप) मॉनिटरच्या मागे अडकवलाय, जागाच लागत नाही. पण आपल्या नागपूरचा मे महिना विसरू नका! पारा ४५ वर गेला की कूलरची दमट हवा अन् धूळ थेट त्या इवल्याशा पंख्यात जाते. मागच्या उन्हाळ्यात उघडून पाहिला, तर जाळीवर लोकरीसारखा थर. ब्रशने काढला तेव्हा कुठे घरघर थांबली. कूलरच्या झोतात ठेवूच नका. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुना घेत असाल तर इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना, हे आधी बघा. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.