मंदीत पगार का उतरत नाहीत? ट्रुमन ब्यूली यांचे संशोधन आणि ‘मजुरी उतरू द्या’ हा सल्ला

(हा एका चर्चेचा धागा आहे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

कार्यकारण

मंदी आली की एक सल्ला ठरलेला असतो: मजुरी उतरू द्या, बेकारी आपोआप हटेल. मालाला गिऱ्हाईक नसेल तर भाव उतरतो, मग श्रमाचा भाव का उतरू नये, असा हा तर्क. आणि तो उतरत नसेल तर दोष कामगार संघटनांचा, किमान वेतन कायद्याचा किंवा बेकारभत्त्याचा, असे धरून चालायचे.

येल विद्यापीठातले ट्रुमन ब्यूली मूळचे गणिती अर्थशास्त्राचे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या ईशान्य भागात मंदी होती, तेव्हा समीकरणे बाजूला ठेवून ते थेट माणसांशी बोलायला गेले. कंपन्यांचे व्यवस्थापक, कामगारनेते, भरतीचे काम करणारे, बेकारांना मार्गदर्शन करणारे, अशा 300 हून अधिक जणांच्या त्यांनी सविस्तर मुलाखती घेतल्या. प्रश्न एकच होता: दाराशी कमी पगारात यायला तयार असलेली माणसे उभी असताना तुम्ही पगार का कापत नाही? त्यातून 1999 साली ‘व्हाय वेजेस डोन्ट फॉल ड्युरिंग अ रिसेशन’ हे पुस्तक आले.

उत्तर संघटनांकडे बोट दाखवत नाही, मालकाकडे दाखवते. पगार कापायची ताकद बहुतेक मालकांकडे होती, तरी त्यांनी कापला नाही. पगार कापला की माणसे मन लावून काम करत नाहीत आणि त्यातली चांगली माणसे पहिली संधी मिळताच निघून जातात. नोकरकपातीनेही मनोबल खचते, पण दुखावलेला माणूस बाहेर पडलेला असतो आणि उरलेले काही महिन्यांत सावरतात. पगारकपातीत मात्र दुखावलेला माणूस रोज समोर बसून काम करत असतो. शिवाय अनेक व्यवस्थापकांचे म्हणणे होते की पगार कापून फारशा नोकऱ्या वाचल्याच नसत्या, कारण अडचण मागणीची होती.

माझे म्हणणे असे की या कामानंतर ‘मजुरी उतरू द्या’ हा सल्ला टिकत नाही. ज्या व्यवहारात माणसाचा उत्साह हाच मालाचा भाग आहे, तिथे भाव पाडला की मालच बदलतो.

सरळरेषा

मांडणी चांगली आहे, पण पायाच कच्चा वाटतो. व्यवस्थापक जे सांगतो ते त्याच्या कृतीचे कारण असतेच असे नाही. ‘आम्हाला कर्मचाऱ्यांच्या मनाची काळजी आहे’ असे कोण सांगणार नाही? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1953 च्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता: सिद्धांताची परीक्षा त्याच्या भाकितांवरून करावी, गृहीतके खरीखुरी वाटतात का यावरून नव्हे. कंपनी सीमांत उत्पादकतेचे (आणखी एक माणूस घेतला तर उत्पादन किती वाढेल याचे) गणित करत नाही असे मालकाने सांगितल्याने ती त्या गणिताप्रमाणे वागत नाही, हे सिद्ध होत नाही.

आणि 300 मुलाखती म्हणजे यादृच्छिक नमुना नव्हे. एक प्रदेश, एक मंदी. त्यावरून व्यापारचक्राचा, म्हणजे तेजीमंदीच्या चक्राचा, सर्वसाधारण नियम काढणे मला मान्य नाही.

कार्यकारण

सरळरेषा, चांगले दिसण्यासाठी दिलेली उत्तरे असती तर ती नोकरकपातीबद्दलही तशीच आली असती. पण याच लोकांनी माणसे काढल्याचे आणि ते का परवडले याचे उत्तर आडपडदा न ठेवता दिले आहे. त्यात स्वतःची प्रतिमा उजळण्यासारखे काहीही नाही.

दुसरे, मुलाखतींनी सिद्धांत गाळून दाखवले. 1984 चे शपिरो आणि स्टिग्लिट्झ यांचे प्रतिमान (गणिती मॉडेल) घ्या. पगार बाजारभावाच्या वर ठेवला की नोकरी जाण्याची भीती राहते आणि माणूस कामचुकारपणा करत नाही, असे ते सांगते. गणित देखणे आहे. ब्यूली यांना भेटलेल्या व्यवस्थापकांनी मात्र धाक दाखवून काम करून घेण्याची कल्पना जवळजवळ एकमुखाने नाकारली. त्यांच्या अनुभवाशी जुळणारी मांडणी अकरलॉफ यांची, 1982 ची: मालक थोडे जास्त देतो, कामगार थोडे जास्त करतो, आणि दोघेही ते देणेघेणे लक्षात ठेवतात. दोन्ही सिद्धांत ‘पगार ताठर’, म्हणजे सहजी न उतरणारा, असेच भाकीत करतात. नुसत्या भाकितावरून त्यांच्यात निवड करता येत नाही, म्हणून विचारावे लागते.

मोजपट्टी

तुमचा वाद ‘का’ वर चालला आहे. मला आधी ‘खरेच का?’ विचारायचे आहे. पगार उतरत नाहीत हे गृहीत धरूनच चर्चा सुरू झाली आहे.

एल्सबी आणि सोलोन यांनी 2019 मध्ये अनेक देशांच्या वेतननोंदी आणि पगारपत्रके एकत्र पाहिली. त्याच नोकरीत टिकलेल्यांपैकी साधारण 15 ते 25 टक्के लोकांचा पैशातला पगार, महागाई कमी असलेल्या काळात, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात कमी झालेला दिसला. हा आकडा ‘क्वचित’ म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

सरासरी वेतनाचे आकडे तर सरळ फसवतात. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेत बेकारी 14 टक्क्यांच्या वर गेली आणि त्याच महिन्यात ताशी सरासरी कमाई चार टक्क्यांहून अधिक वाढली. लोकांचे पगार काही एकदम वाढले नव्हते. कमी पगाराचे लोक यादीतून गळाले, म्हणून उरलेल्यांची सरासरी वर गेली. सोलोन, बार्स्की आणि पार्कर यांनी 1994 मध्ये हेच दाखवले होते: तीच तीच माणसे वर्षानुवर्षे पाहिली तर वास्तव वेतन (महागाई वजा करून उरणारा पगार) तेजीमंदीबरोबर बरेच वरखाली होते. एकंदर सरासरी मात्र ते लपवते. मार्क बिल्स यांनी तर 1985 मध्येच असा मागोवा घेतला होता.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी 1936 साली आपला मुख्य ग्रंथ लिहिला तेव्हा तेजीत वास्तव वेतन घटते असे धरले होते. डनलॉप आणि तार्शिस यांनी दोनतीन वर्षांत आकडे काढून ते तपासले आणि 1939 मध्ये केन्स यांना त्यावर उत्तर लिहावे लागले. म्हणजे हा विषय सुरुवातीपासूनच मोजणीवर अडलेला आहे.

पानगळ

मोजपट्टी यांच्या आकड्यांत एक गोष्ट मिसळली गेली आहे. पगारपत्रकावर दिसणारी घट कशातून येते? जादा तासांचे पैसे गेले, बोनस गेला, पाळी बदलली, की मूळ दर कापला? ग्रिग्जबी, हर्स्ट आणि यिल्दिरमाझ यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वेतनसेवा कंपनीच्या (इतर कंपन्यांचे पगार काढून देणाऱ्या) नोंदींतून या गोष्टी वेगळ्या काढल्या (2021). मंदी नसताना मूळ दराची कपात अगदी दुर्मिळ निघाली, आणि लवचिकता होती ती बहुतांशी मूळ दराच्या वर मिळणाऱ्या बोनससारख्या भागात.

हे ब्यूली यांच्याशी जुळते असे मला वाटते. बोनस गेला तर माणूस म्हणतो, वर्ष वाईट होते. मूळ दर कापला तर म्हणतो, मला कमी लेखले. पैसे तेवढेच गेले तरी!

मोजपट्टी

मान्य, पण मालकाच्या खर्चाच्या दृष्टीने दोन्ही घट सारखीच. व्यापारचक्राच्या प्रतिमानाला श्रमाचा एकूण खर्च लागतो. अपमान कशाचा वाटला, हे त्याला लागत नाही.

तळटीप

सगळे एका मुद्द्याभोवती फिरत आहेत आणि तोच कुणी घेतला नाही. *जुन्या* माणसाचा पगार ताठर असल्याने बेकारी वाढतेच असे नाही. मालक नवी जागा काढायची की नाही ते नव्या माणसाचा पगार पाहून ठरवतो. जुन्याला लावलेला दर ही दीर्घ कराराची हप्तेबंदी म्हणून पाहता येते, तिचा भरतीशी संबंध नाही. 2005 मध्ये शायमर यांनी दाखवले की नोकरीशोधाचे (बेकार आणि रिकाम्या जागा एकमेकांना कसे शोधतात याचे) प्रमाणित प्रतिमान बेकारीतले प्रत्यक्ष चढउतार पकडूच शकत नाही. त्याच वर्षी हॉल यांनी ताठर वेतन घालून ते दुरुस्त केले. 2009 मध्ये पिसारिदेस यांनी नेमका आक्षेप घेतला: नव्याने लागलेल्यांचे वेतन चक्राबरोबर पुरेसे हलते, मग ताठरता कसले स्पष्टीकरण देणार?

कार्यकारण, तुमचे मनोबलाचे कारण जुन्या कर्मचाऱ्यांना लागू पडेल. नव्या माणसाने जुना पगार पाहिलेलाच नाही. त्याला कमी दिले तर त्याचे मन कशाला मोडेल?

कार्यकारण

हा या धाग्यातला सर्वांत जड आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्यूली यांनी हाही प्रश्न विचारला होता. नियमित, दीर्घ नोकऱ्या देणाऱ्या कंपन्यांत उत्तर मिळाले ते अंतर्गत समतेचे. नवा माणूस चार दिवसांत शेजाऱ्याचा पगार जाणतो. त्याच कामाला आपल्याला कमी मिळते हे कळले की तो नवा असूनही दुखावतो. म्हणून कंपनी पगाराची रचना मोडत नाही. उलट अल्पमुदतीच्या, अर्धवेळ कामांत, जिथे माणसे एकमेकांना फारशी ओळखत नाहीत, तिथे नव्यांचे दर खाली आलेले त्यांना दिसले. नुसते ‘पगार ताठर असतात’ म्हणणारा सिद्धांत हा फरक सांगू शकत नाही. कारण ठाऊक असले की ताठरता कुठे असेल आणि कुठे नसेल तेही सांगता येते, आणि सरळरेषा यांना हवे असलेले भाकीत हेच आहे.

पिसारिदेस यांच्या आधाराबद्दल: नव्याने लागलेल्यांत दोन प्रकार असतात. एक नोकरीतून नोकरीत उडी मारणारे, दुसरे बेकारीतून येणारे. गर्टलर, हकफेल्ट आणि त्रिगारी यांनी 2020 मध्ये हे वेगळे केले, तेव्हा चक्राबरोबर हलणारे वेतन मुख्यतः उडी मारणाऱ्यांचे निघाले. तेजीत चांगली जागा मिळते, म्हणून त्यांचा पगार चढतो. बेकारीतून आलेल्यांचे वेतन जुन्या कर्मचाऱ्यांइतकेच जड. आणि हॅझेल व टास्का यांनी जाहिरातींत दिलेले पगार पाहिले: त्याच जागेचा देऊ केलेला पगार फार कमी वेळा बदलतो, आणि खाली तर क्वचितच येतो. बेकारी घटली की तो चढतो, वाढली की तिथेच थांबतो.

तळटीप

जाहिरातीतला पगार आणि हातात पडणारा पगार यात घासाघीस असते. पण तेच पद, तीच कंपनी धरून पाहण्याची पद्धत चांगली आहे, हे खरे. नोकऱ्यांचा दर्जा चक्राबरोबर बदलतो हा गोंधळ त्यातून टळतो.

रुजवात

मला वेगळ्याच बाजूने विरोध करायचा आहे, आणि तो सरळरेषा व कार्यकारण दोघांनाही. पगार *उतरले असते* तर काय झाले असते? दोघेही धरून चालले आहेत की प्रश्न उतरण्याच्या अडथळ्याचा आहे. केन्स यांच्या त्याच ग्रंथाचे एकोणिसावे प्रकरण वाचा. पैशातली मजुरी सगळीकडे कापली तर भावही उतरतात, कारण मजुरी हा खर्च आहे आणि उत्पन्नही. वास्तव वेतन जागच्या जागी राहू शकते. कर्जाचे आकडे मात्र तेच राहतात, म्हणून कर्जदार चिरडला जातो. आणखी कपात होईल असे वाटले तर खरेदी पुढे ढकलली जाते. 1933 मध्ये फिशर यांनी कर्ज आणि भावघसरणीचे दुष्टचक्र मांडले, तेव्हा अमेरिकेत बेकारी 25 टक्क्यांच्या आसपास होती आणि 1929 पासून भाव सुमारे चतुर्थांशाने कोसळले होते. त्या चार वर्षांत मजुरी पुष्कळ उतरली. रोजगार वाचला नाही.

म्हणजे ताठर पगार हा कदाचित रोग नसून कोसळणाऱ्या भावांना लागलेला टेकू असेल. ब्यूली यांचे काम मला आवडते, पण ‘ताठरतेमुळे बेकारी’ ही चौकट त्यामुळे पक्की होते, आणि तीच मला मोडायची आहे.

सरळरेषा

1930 च्या दशकाचाच दाखला घ्यायचा तर आयकनग्रीन आणि सॅक्स यांचा 1985 चा लेखही घ्या. ज्या देशांनी सुवर्णमान (चलनाची किंमत सोन्याशी बांधणारी व्यवस्था) लवकर सोडले तिथे भाव सावरले, वास्तव वेतन खाली आले आणि उत्पादन लवकर उठले. जे सुवर्णमानाला चिकटून राहिले तिथे भाव पडले, मजुरी तेवढी पडली नाही, आणि कारखाने थंड राहिले. वेतन महत्त्वाचे नाही असे यावरून म्हणता येत नाही. ते भावाच्या बाजूने जुळवता येते एवढेच.

पानगळ

आणि इथेच टोबिन यांचा 1972 चा मुद्दा येतो: थोडी महागाई असेल तर कुणाचाही पगार न कापता वास्तव वेतन जुळवून घेता येते. कानेमान, नेश आणि थेलर यांचा 1986 चा पाहणीतला प्रश्न प्रसिद्ध आहे. महागाई नसताना 7 टक्के कपात केली तर 62 टक्के लोक अन्याय म्हणतात. महागाई 12 टक्के असताना 5 टक्के वाढ दिली तर फक्त 22 टक्के. वास्तव घट जवळपास तेवढीच.

पण 2022 नंतर मला हा उपाय इतका निर्धोक वाटत नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर होती आणि पगारवाढ तिच्या बरीच मागे. बेकारी चार टक्क्यांच्या खाली, तरीही लोक संतापलेले. स्टँचेवा यांच्या पाहणीत लोकांनी महागाईच्या रागाचे पहिले कारण हेच सांगितले की पगार तिला गाठत नाही. महागाईने केलेली कपात लोकांना जाणवते. फक्त दोष द्यायला समोर एक मालक नसतो.

रुजवात

पानगळ, तुमचे शेवटचे वाक्य कार्यकारण यांच्या मूळ दाव्याला धक्का देते. दोष द्यायला मालक नसेल तर मनोबल खचणार नाही, म्हणजे काम बिघडणार नाही, म्हणजे कपात ‘यशस्वी’. मग ब्यूली यांचे स्पष्टीकरण फक्त कमी महागाईच्या काळापुरतेच उरते का?

कार्यकारण

बऱ्याच अंशी हो, आणि ब्यूली यांची मंदी तशाच काळातली होती. पण 2021 आणि 2022 मध्ये अमेरिकेत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण विक्रमी होते, हेही विसरू नका. मालकावर राग नसला तरी लोक गेलेच, कारण बाहेर जास्त मिळत होते. मनोबल आणि बाहेरची संधी ही दोन वेगळी बळे आहेत. मंदीत दुसरे नसते, म्हणून पहिले उघडे दिसते. वाढत्या महागाईत आणि कडक श्रमबाजारात (जागा जास्त, माणसे कमी) त्याच प्रकारच्या मुलाखती कुणी घेतल्या तर व्यवस्थापक काय सांगतील, ते मला वाचायचे आहे. रुजवात, तुमच्या चौकटीच्या आक्षेपावर मात्र माझे मत ठाम आहे: मजुरी उतरल्याने बेकारी हटत नाही, हे तुम्ही भाव आणि कर्जाच्या बाजूने म्हणता, मी कारखान्याच्या आतून म्हणतो. सल्ला दोन्हीकडून चुकीचाच ठरतो.

सरळरेषा

दोन्हीकडून नाही. सुवर्णमानाच्या दाखल्याला अजून उत्तर आलेले नाही.