मदत हवी आहे: डोंगरावरच्या वसाहतीला हरकत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गोव्यात, पेडणे तालुक्यात. गावामागच्या काजूच्या डोंगराचा एक भाग फळबागेच्या झोनमधून काढून वस्तीच्या झोनमध्ये घालायचा प्रस्ताव आहे. गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या ३९अ कलमाखाली (जमिनीचा झोन बदलायचं कलम) जाहिरात आलीय, सूचना-हरकतींसाठी ३० दिवस. त्यातले बारा गेले, कारण वर्तमानपत्रातला तो सर्व्हे नंबर आपल्याच डोंगराचा, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही!

माझा विरोध घरांना नाही. पण त्या उतारावरून मुरणाऱ्या पाण्यावर खालच्या वाड्याच्या विहिरी चालतात आणि पावसात सगळी माती शेतात येईल, ही भीती आहे. केंद्राच्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत (प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीचे नियम) इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे, म्हणजे पुढे बोलायची संधी मिळेलच असं नाही. जे काय म्हणायचं ते आताच.

ज्यांनी अशी हरकत दिलीय त्यांना विचारतो: शंभर सह्यांचं एकच पत्र बरं, की प्रत्येकाने आपलं वेगळं? आमचे काका म्हणतात एकच द्या, मला तसं वाटत नाही. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा), प्रादेशिक आराखडा २०२१चा नकाशा आणि विहिरींचे फोटो जोडणार आहे. आणखी काय लागेल? ग्रामसभेचा ठराव सोबत दिला तर उपयोग होतो का? आणि उताराचं माप स्वस्तात कोण काढून देतं? पोच घ्यायची हे माहीत आहे, मागच्या वेळी तिथेच फसलो होतो.

मराठीत लिहिलेला एखादा नमुना असेल तर नावं खोडून इथे टाका.