जिना हाऊस पाडायचं कशाला?
मोहम्मद अली जिनांचा मुंबईतला बंगला, जिना हाऊस, पाडून टाका म्हणताय ते मला अजिबात पटलं नाही. राग जिनांवर आहे ना, मग भिंतींवर कशाला काढायचा? मलबार हिलवरचा हा समुद्राकडे तोंड करून उभा असलेला बंगला वास्तुविशारद क्लॉड बॅटलीने डिझाइन केलेला, इटालियन मार्बल, अक्रोडाचं लाकूड, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये गांधी-जिना बोलणी झाली ती इथेच, म्हणजे फाळणीचा इतिहास समजून घ्यायला मुंबईत यापेक्षा मोठी जागा कुठली? ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे ब्रिटिश डेप्युटी हाय कमिशन (ब्रिटनचं राजनैतिक कार्यालय) होतं, नंतर बहुतेक काळ बंदच. समोर मुख्यमंत्र्यांचा वर्षा बंगला, तरी ही अवस्था, खरंच वाईट वाटतं. गावदेवीच्या मणिभवनात, गांधीजींच्या संग्रहालयात, शाळेची पोरं जातात तशी इथेही जाऊ देत, आधी छत आणि गळती तेवढी दुरुस्त करा.