मदत हवी आहे: प्राचार्या बदलल्या आणि फीची सवलत थांबली (इंदूर)

लोकमान्यनगर_आई
माझ्या मुलीच्या कॅथलिक शाळेतून प्राचार्या सिस्टर एप्रिलमध्ये बदलून गेल्या आणि त्यांच्या जागी एक फादर आले. सिस्टरांनी आमची अर्धी फी माफ केली होती. आता कार्यालय म्हणते की अशी सवलत नोंदीतच नाही आणि पंधरा तारखेपर्यंत पूर्ण तिमाहीची रक्कम भरावी लागेल. फादरांना भेटायला दोनदा गेले, पण भेट झाली नाही. सिस्टरांची बदली रद्द व्हावी म्हणून काही पालक सह्या गोळा करत आहेत. मी सही करावी, की सरळ बिशपांकडे जावे? कृपया लवकर सांगा.

पलासिया_पालक
मध्य प्रदेशात खासगी शाळांच्या फीसाठी २०१७ चा कायदा आहे. मागील वर्षापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची असेल, तर शाळेला सरकारी समितीची मंजुरी लागते. माझ्या मते तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात तक्रार करावी.

निवृत्त_शिक्षिका
तो कायदा फीवाढीचा आहे. ताईंची फी वाढलेली नाही, सवलत गेली आहे. ताई, मुलगी कितवीत आहे, बोर्ड कोणते, सवलत लेखी होती का आणि मुख्य म्हणजे शाळा चालवते कोण, हे कळल्याशिवाय कोणाचाही सल्ला उपयोगाचा नाही.

सुदामानगर
शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांतून अर्ज का करत नाही? आमच्या शेजारच्या मुलाला तसाच प्रवेश मिळाला.

निवृत्त_शिक्षिका
त्या जागा प्रवेशाच्या आरंभीच्या वर्गासाठी असतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्यातून वगळल्या गेल्या आहेत. ताईंचा प्रश्न तो नाही.

वसई_माहेर
मी स्वतः कॅथलिक आहे, म्हणून सह्यांविषयी सांगते. धर्मभगिनींनी आज्ञापालनाचे व्रत घेतलेले असते आणि कोणी कुठे सेवा करायची, हे त्यांच्या धर्मसंघाच्या प्रोव्हिन्शियल, म्हणजे प्रांतप्रमुख, ठरवतात. आमच्याकडे एकदा पालकांनी अशाच सह्या दिल्या होत्या, तेव्हा त्या सिस्टरांनीच हात जोडून सर्वांना थांबवले होते. सही केल्याने बदली रद्द होणार नाही, आणि नव्या फादरांशी तुमचा पहिला परिचय मात्र विरोधक म्हणून होईल.

वकील_राजवाडा
कायद्याच्या बाजूनेही तेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा हक्क आहे, आणि प्राचार्य निवडणे हा त्या हक्काचा महत्त्वाचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मलंकारा सीरियन कॅथलिक कॉलेजच्या प्रकरणात मान्य केले आहे.

पलासिया_पालक
मग बिशपांकडेच जावे. इंदूर धर्मप्रांतातील, म्हणजे बिशपांच्या क्षेत्रातील, सर्व कॅथलिक शाळा त्यांच्याच हाताखाली असतात.

वसई_माहेर
हा समज बरोबर नाही. चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ८०६ व्या कलमाप्रमाणे आपल्या क्षेत्रातील कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा आणि त्यांना भेट देण्याचा अधिकार बिशपांना असतो. परंतु संघाने चालवलेल्या शाळेचा अंतर्गत कारभार संघच पाहतो. म्हणूनच शाळा कोणाची, हे आधी समजायला हवे.

लोकमान्यनगर_आई
घाईत बरेच सांगायचे राहिले, क्षमा असावी. मुलगी दहावीत आहे, शाळा सीबीएसईची आहे. गेल्या वर्षी माझे यजमान वारले, तेव्हा मी अर्ज केला होता आणि सिस्टरांनी त्यावरच स्वतःच्या हाताने मंजुरी लिहिली होती. मूळ अर्ज कार्यालयात आहे, माझ्याकडे फक्त अर्ध्या फीच्या तीन पावत्या आहेत. एप्रिलच्या सूचनेत असेही होते की सिस्टरांच्या संघाने शाळा धर्मप्रांताच्या संस्थेकडे सोपवली आहे.

निवृत्त_शिक्षिका
ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. येथे केवळ प्राचार्य बदललेले नाहीत, व्यवस्थापनच बदलले आहे, आणि अशा हस्तांतरात जुन्या प्राचार्यांनी माणुसकीने दिलेल्या सवलतींचे कागद नव्या व्यवस्थापनापर्यंत पोहोचतातच असे नाही. फादर नाकारत आहेत, असे आत्ताच समजू नका. त्यांना बहुधा ठाऊकच नसेल. सीबीएसईच्या नियमाने शाळेच्या संकेतस्थळावर चालक संस्थेचे नाव द्यावे लागते, ते पाहून संस्थेच्या सचिवांच्या नावे अर्ज करा, प्रत प्राचार्यांना द्या, पावत्यांच्या छायाप्रती जोडा आणि दोन्हीकडून पोच घ्या.

सुदामानगर
इतका त्रास असेल तर शाळाच बदलावी.

निवृत्त_शिक्षिका
दहावीच्या बोर्ड परीक्षेसाठीची नोंदणी नववीतच होते, आणि दहावीत शाळा बदलायला बोर्डाची परवानगी लागते. वडील गमावलेल्या मुलीवर या वर्षी हे आणखी ओझे नको.

वसई_माहेर
ताई, सिस्टरांनाही पत्र लिहा. ‘मंजुरी मीच दिली होती’, एवढ्या दोन ओळी त्यांनी लिहून पाठवल्या तरी मूळ अर्ज शोधायला कार्यालयाला आधार मिळेल.

लोकमान्यनगर_आई
काल अर्ज दिला, आवक क्रमांक मिळाला. फादरांनी पाच मिनिटे दिली, पावत्या पाहिल्या आणि संस्थेचा निर्णय होईपर्यंत अर्धी रक्कम घ्यायला कार्यालयाला सांगितले. सह्यांच्या कागदावर मी सही केली नाही. सिस्टरांना आज पत्र टाकले आहे.

वकील_राजवाडा
कालच्या पावतीवर बाकी रक्कम दाखवली आहे का, ते आजच पाहून घ्या. दाखवली असेल तर ‘सवलतीचा अर्ज विचाराधीन’ असा शेरा त्यावर मागून घ्या.