जपानी ‘चहाघर’ : एकच शब्द पुरेल का?

उंबरठा :
क्योटो-कानाझावाच्या प्रवासावर लिहितेय. सगळीकडे ‘चहाघर’ लिहून मोकळी झाले होते. मसुदा वाचून मैत्रिणीने विचारलं, “अगं, दोन चटयांच्या चहाघरात गेइशा नाचते कुठे?” तीन वेगळ्या जागांना मी एकाच नावाने हाक मारत होते! आता वाटतं, चाशित्सु (चहाविधीची छोटी जागा), चाया (वाटेवरचं चहापाण्याचं ठिकाण), ओचाया (गेइशांच्या मैफलीचं घर) हे शब्द जपानीच ठेवावेत. पहिल्यांदा येतील तिथे अर्थ सांगितला की झालं. तुमचं मत?

पेठेतला :
साफ असहमत. दर ओळीला जपानी शब्द पेरले की प्रवासवर्णनाची क्लासची वही होते. (पुण्यात जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला हा ताप येतो, मलाही आला होता.) ‘चा’ म्हणजे चहा, ‘या’ म्हणजे दुकान. टोकियोत सान्गेनजाया नावाचा भाग आहे. ओयामा डोंगराच्या यात्रेकरूंच्या वाटेवर तीन चहाची दुकानं होती, त्यावरून नाव पडलं. आपल्याकडे असतं तर ‘तीन टपरी नाका’ म्हणाले असते. यात अनुवाद न होण्यासारखं काय आहे?

उंबरठा :
रस्त्यावरच्या चायापुरतं मान्य. हाकोनेच्या घाटात जुन्या तोकाइदो मार्गावर असं एक चाया अजून चालू आहे, त्याला टपरी म्हणायला माझी ना नाही. नाव मात्र आमाझाकेचाया, आणि तिथली खासियत म्हणजे आमाझाके, तांदळापासून केलेलं गोड पेय. म्हणजे इथेही चहा नावापुरताच!

आजीचीदुलई :
पेठेतले, तुमचं ‘दुकान’ क्योटोतल्या गिओन या गेइशांच्या वस्तीत नेऊन बघा. ‘चाया’च्या आधी आदराचा ‘ओ’ लागला की बिऱ्हाडच बदलतं. ओचायात लोक गेइको-माइकोंचं (क्योटोतल्या गेइशा आणि शिकाऊ गेइशा) नाचगाणं, शामिसेन हे तंतुवाद्य आणि साके या तांदळाच्या दारूसाठी जातात. जेवण बहुधा बाहेरून मागवलेलं. ओळखीशिवाय उंबरा ओलांडता येत नाही आणि बिल मागाहून येतं. कानाझावातली हिगाशी चाया ही वस्ती १८२० सालची. तिथलं ‘शिमा’ हे ओचाया त्याच साली बांधलेलं, आता तिकीट काढून आत जाता येतं. पाहून या आणि मग दुकान म्हणा.

खवचट :
मग ‘संगीतबारी’ लिहा की! नाच, गाणं, वाद्य, रसिक, सगळं जुळतंय.

आजीचीदुलई :
नाही हो. संगीतबारी म्हटलं की वाचकाला ढोलकी ऐकू येते, फड दिसतो, जातीचा आणि अवहेलनेचा आपला सगळा इतिहास डोळ्यांपुढे येतो. तो गेइकोंच्या डोक्यावर कशाला लादायचा? त्यांचा त्यांना आहेच की.

पेठेतला :
बरं, ओचाया सोडला. पण चाशित्सु सोडणार नाही. ‘शित्सु’ म्हणजे खोली. चहाची खोली. संपलं.

उंबरठा :
संपलं कसं? ‘चहाची खोली’ म्हटलं की मला ऑफिसातली पॅन्ट्री दिसते, सिंकमध्ये खरकटे कप. क्योटोजवळ यामाझाकीला ताईआन आहे, १५८२च्या सुमाराची, चहाविधीचा गुरू सेन नो रिक्यू याने रचलेली मानली जाणारी, दोन तातामींची (चटयांची) जागा. अशा ठिकाणी पाहुणा जेमतेम दोन-सव्वादोन फुटी दारातून गुडघ्यांवर सरकत आत जातो. पूर्वी सामुराईसुद्धा तलवार बाहेर ठेवून जात. ‘खोली’ या शब्दात हे वाकणं कुठे येतं?

पेठेतला :
वाकणं ‘चाशित्सु’ या शब्दातही नाही, ते तुम्ही वर्णनातच आणलंत ना? आता मुद्द्याचं. रिक्यूच्या काळी या जागेला ‘काकोई’ही म्हणत. मोठ्या दालनाचा कोपरा पडद्यांनी वेगळा काढून तिथे चहा करत, म्हणून काकोई, म्हणजे वेढलेली जागा. म्हणजे जपान्यांनीही एकच शब्द कवटाळला नाही, आपण कशाला? आणि काकोईला मराठीत नेमका शब्द आहे : आडोसा. ‘चहाचा आडोसा’. बघा, दोन तातामी, बुटकं दार, सगळं त्यात मावतं.

उंबरठा :
काका, हे आवडलं. खरंच आवडलं. ताईआनचं प्रकरण याच शब्दाने परत लिहून बघते. ओचाया तसाच राहील.

खवचट :
लिहा, जरूर लिहा. फक्त “पाहुणे एकेक करून आडोशाला गेले” असं वाक्य नको, नाहीतर आमच्या गावचा वाचक पाण्याचा तांब्या शोधेल.