‘तारकासमूह’, ‘तारकागुच्छ’ आणि ताऱ्यांची भावकी

प्रश्न

तरुण ताऱ्यांवरील संशोधनाचा परिचय करून देणारा एक लेख मी मराठीत लिहीत आहे. त्यात क्लस्टर, असोसिएशन आणि मूव्हिंग ग्रुप हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. पहिल्यासाठी ‘तारकागुच्छ’ हा शब्द रूढ आहे, त्यामुळे तिथे अडचण नाही. उरलेल्या दोन्हींसाठी मी ‘तारकासमूह’ असे लिहीत गेलो आणि ‘वृश्चिक तारकासमूहातील तरुण तारकासमूह’ असे वाक्य तयार झाले. वाचकाला यातून काहीच बोध होणार नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपले वाक्य योग्य जागी अडले आहे. ‘तारकासमूह’ हा शब्द मराठीत आकाशातील आकृत्यांसाठी पक्का झाला आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ठरवलेले ८८ तारकासमूह म्हणजे, शेताच्या बांधासारख्या आखीव सीमा घालून केलेले आकाशाचे ८८ तुकडे होत. त्या सीमा १९३० साली नकाशांसह प्रसिद्ध झाल्या. एका तारकासमूहातील ताऱ्यांमध्ये पृथ्वीवरून एकाच बाजूला दिसण्यापलीकडे कोणतेही नाते असावे लागत नाही. म्हणून जिथे जन्माचे नाते सांगायचे आहे, तिथे हा शब्द वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा फरक पाहण्यासाठी आपण निवडलेल्या वृश्चिकासारखे दुसरे उदाहरण नाही. वैशाखात रात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. विंचवाच्या छातीत तांबूस ज्येष्ठा दिसते आणि तिच्यापुढे डोक्याच्या जागी, उभ्या ओळीत, अनुराधेचे पांढरे-निळसर तारे दिसतात. आता ज्येष्ठेवरून नांगीच्या दिशेने खाली उतरत गेले की विंचवाच्या अंगात एक ठळक नारिंगी तारा लागतो. दिसायला तो याच माळेतला मणी आहे, पण तो आपल्यापासून सुमारे ६४ प्रकाशवर्षांवर आहे, आणि ज्येष्ठा सुमारे साडेपाचशे प्रकाशवर्षांवर. त्या दोघांचा काही संबंध नाही. उलट ज्येष्ठा आणि अनुराधेचे ठळक तारे यांचे मूळ एक आहे. वायू आणि धूळ यांच्या एकाच विस्तीर्ण मेघसंकुलातून ते सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी जन्मले. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. त्या मानाने ही बाळे आहेत. ही दोन नक्षत्रे आपल्या पूर्वजांनी चंद्राच्या वाटेवर शेजारी शेजारी मांडली. ती खरोखरच एका घरची निघावीत, हे मला आजही विलक्षण वाटते.

‘तारकागुच्छ’ या शब्दाविषयीही थोडे लिहितो, कारण त्यातला ‘गुच्छ’ फार नेमका आहे. एकत्र असलेल्या वस्तूंसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पण ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. द्राक्षांचा घड, फळांचा घोस, फुलांचा गुच्छ, कापसाचा पुंजका, माणसांचा घोळका. घडाला दांडा असतो, गुच्छ देठांशी बांधलेला असतो. पुंजक्याला मात्र असे बंधन नसते, तो नुसता दाट जमलेला असतो. ज्या ताऱ्यांना परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवले आहे त्यांना ‘गुच्छ’ म्हणणे म्हणूनच सार्थ आहे, कारण गुरुत्वाकर्षण हा त्यांचा देठ आहे. वृत्तपत्रांत कधी कधी दिसणारा ‘तारकापुंज’ मला या कारणाने दुय्यम वाटतो. कृत्तिकांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर पुंजका दिसतो हे खरे, पण त्या गुच्छ आहेत. इंग्लंडमधील जॉन मिशेल यांनी १७६७ साली गणित मांडून दाखवले होते की इतके ठळक तारे योगायोगाने इतके जवळ दिसण्याची शक्यता सुमारे ५ लाखांत एक इतकीच आहे. आज त्या गुच्छात हजारांहून अधिक तारे मोजले गेले आहेत.

आता असोसिएशन. हा शब्द आर्मेनियातील खगोलशास्त्रज्ञ व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी १९४७ साली रूढ केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : काही ठिकाणी अतिशय तप्त तारे एकाच भागात आढळतात, पण ते इतके विरळ पसरलेले असतात की परस्परांचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवू शकत नाही. आकाशगंगेच्या ओढीने असा मेळा लवकरच पांगायला हवा. ज्या अर्थी तो अजून ओळखू येतो, त्या अर्थी तो नुकताच जन्मलेला असला पाहिजे. म्हणजेच आकाशगंगेत तारे आजही जन्माला येत आहेत. आज आपल्याला ही गोष्ट सहज वाटते, तेव्हा ती तशी नव्हती. म्हणून या संकल्पनेसाठी आपण जो शब्द घेऊ त्यात एक मूळ आणि आजची पांगापांग या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. ‘तारकासंघ’ किंवा ‘तारका संघटना’ यांत दोन्ही येत नाहीत. संघ हा ठरवून बांधला जातो, त्याला सभासद असतात. क्रिकेटचा संघ आणि कामगारांची संघटना डोळ्यांपुढे येते, जन्माचे नाते येत नाही.

माझी सूचना ‘भावकी’ अशी आहे. एका मूळ पुरुषापासून निघालेली, आता वेगवेगळ्या चुली मांडून राहणारी, काही गावातच असलेली तर काही परगावी गेलेली घरे म्हणजे भावकी. ज्येष्ठा-अनुराधेच्या या मेळ्याचे वर्णन यापेक्षा नेमके करता येईल असे मला वाटत नाही. वृश्चिकातील तारे हे या भावकीचे एक घर. उरलेल्या दोन शाखा नरतुरंग आणि त्याच्या आसपासच्या आकाशात पसरल्या आहेत. भुजंगधारीतील एक तप्त तारा तर याच घरातून निघून अवकाशात वेगाने दूर चालला आहे. त्याच्या जोडीदाराचा स्फोट झाला आणि तो बाहेर फेकला गेला, असे त्याच्या गतीवरून मानले जाते.

दुसरे मत

वरील विवेचन पटले, तरी शब्दाबद्दल माझे दोन आक्षेप आहेत. ‘भावकी’ म्हटले की जमिनीचे वाटे, बांधावरचे तंटे आणि कोर्टकचेऱ्या आठवतात. शास्त्रीय लेखनात हा रंग नको. दुसरे म्हणजे, ‘सहजात’ हा सोपा संस्कृत शब्द उपलब्ध आहे. ‘सहजात तारे’ म्हणजे एकत्र जन्मलेले तारे. तो भारतातील इतर भाषांच्या वाचकांनाही कळेल.

उत्तर

पहिल्या आक्षेपाबद्दल इतकेच म्हणेन की तंट्यासाठी मराठीने ‘भाऊबंदकी’ हा शब्द वेगळा काढून ठेवला आहे. लग्नपत्रिका वाटताना ‘आधी भावकीत द्या’ असे घरातले वडीलधारे सांगतात, तेव्हा त्यात आपुलकी आणि कर्तव्य असते, भांडण नसते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. ‘सहजात’ हा चांगला शब्द आहे आणि लेखात तो अवश्य यावा. पण तो या ठिकाणी पुरा पडत नाही, कारण कृत्तिकाही सहजातच आहेत. त्या सगळ्या दहा कोटी वर्षांहून थोड्या अधिक काळापूर्वी एकाच मेघातून जन्मल्या. गुच्छ आणि असोसिएशन यांच्यातला भेद जन्मात नाही, तो नंतरच्या राहणीत आहे. गुच्छ हे एकत्र कुटुंब आहे, असोसिएशन ही भावकी आहे. ‘सहजात’ दोघांनाही लागू होतो, म्हणून तो दोघांना वेगळे करू शकत नाही.

मूव्हिंग ग्रुपसाठी मात्र मी संस्कृत शब्दच सुचवीन : ‘सहगामी तारे’. इथे ओळख पटते ती समान गतीमुळे. सप्तर्षींपैकी पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच तारे एकाच दिशेने, जवळजवळ सारख्याच वेगाने चालले आहेत, आणि क्रतू व मरीची हे दोन टोकांचे तारे त्यांच्यातले नाहीत. ही गोष्ट रिचर्ड प्रॉक्टर यांनी १८६९ साली दाखवून दिली. हे पाच सुमारे ८० प्रकाशवर्षांवर आहेत आणि ज्या गुच्छात ते जन्मले, तो बराचसा विखुरला आहे. अलीकडे युरोपच्या गाया दुर्बिणीने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची अंतरे आणि गती मोजल्यामुळे असे विखुरलेले नातेवाईक हुडकणे फार सोपे झाले आहे, त्यामुळे हे शब्द यापुढे मराठीत वारंवार लागणार आहेत.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘वृश्चिक तारकासमूहात दिसणारी ज्येष्ठा आणि अनुराधेचे ठळक तारे एकाच तरुण भावकीतले आहेत, ते सहजात आहेत, पण कृत्तिकांप्रमाणे गुच्छात बांधलेले नाहीत.’ एकच शंका उरते. आकाशगंगेत अशा अनेक असोसिएशन आहेत. ‘भावकी’चे अनेकवचन लेखात कसे करावे?

उत्तर

‘भावक्या’. ‘नदी’चे ‘नद्या’ होते तसेच. बोलण्यात हे रूप फार ऐकू येत नाही, कारण आपण बहुधा एकाच भावकीबद्दल बोलत असतो. पण ‘गावात तीन भावक्या आहेत’ असे म्हणतातच. एकट्या ताऱ्याबद्दल लिहिताना ‘भावकीचा सदस्य’ असे लिहू नये, ‘भावकीतला तारा’ असे लिहावे.